हाडातल्या धातूची कल्हई

कल्हईवाल्याची हाक ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना आजचा विषय निम्मा तरी आधीच ठाऊक आहे असे म्हटले तर चालेल. तो वाड्याच्या अंगणात बसे, जमिनीत खळगा करून कोळसे पेटवी आणि भात्याने वारा घाली. पितळेचे पातेले तापले की त्यात नवसागराची पूड टाकून बोळ्याने घासायचे. भसकन पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी टेकवून बोळा फिरवला, की काळपट भांडे आतून चांदीसारखे लख्ख! हा सगळा खटाटोप कशासाठी? तर बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. आंबट पदार्थ तांबे-पितळ खातो आणि ते विरघळलेले तांबे आपल्या पोटात जाते. कल्हई म्हणजे धातू आणि अन्न यांच्यामध्ये घातलेला पडदा.

आता ते भांडे स्वयंपाकघरात नसून तुमच्या मांडीत आहे, अशी कल्पना करा. हाड मोडले म्हणून शस्त्रवैद्याने आत धातूची पट्टी बसवली, किंवा झिजलेला खुबा काढून त्या जागी धातूचा खुबा बसवला. आपले रक्त खारट, अंग ऊबदार, आणि प्राणवायूही तिथे हजर. लोखंड गंजायला आणखी काय हवे? शिवाय इथली कल्हई उडाली तर कल्हईवाल्याला पुन्हा बोलावता येत नाही. पुन्हा अंग उघडावे लागते, आणि दुसऱ्या वेळची शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. तेव्हा अंगात बसवायच्या धातूची कल्हई कशी सुधारत गेली, हे आज सांगणार आहे. ही कथा सरळ चढत गेलेली नाही. तीत दोनतीनदा चांगलीच ठेच लागली आहे.

आरंभ जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात होतो. कार्ल हान्समान नावाच्या शस्त्रवैद्याने १८८६ साली मोडलेली हाडे पट्टी आणि स्क्रू लावून जोडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्याची पट्टी साध्या पोलादी पत्र्याची होती, पण तिच्यावर निकलचा मुलामा होता. म्हणजे कल्हईच! पट्टीचे एक टोक आणि स्क्रूंचे दांडे तो कातडीबाहेर ठेवी, आणि चारपासून आठ आठवड्यांनी सगळे ओढून काढी. धातू आत कायमचा ठेवायचा विचार त्याच्या मनातही नव्हता.

पुढे लंडनच्या गाय रुग्णालयातल्या आर्बथनॉट लेन यांनी पोलादी पट्ट्यांचा बराच पुरस्कार केला. जखमेला हात लागू न देता लांब हत्यारांनीच काम करायचे, ही त्यांची शिस्त होती, आणि तिच्यामुळे जंतूंचा उपद्रव कमी झाला. पट्ट्या मात्र गंजत आणि मोडत. १९१२ साली अमेरिकेत शर्मन यांनी व्हॅनेडियम मिसळलेले चिवट पोलाद वापरले. पट्ट्या मोडणे कमी झाले, गंज चालूच राहिला.

मग निकलचा मुलामा का पुरला नाही? याचे उत्तर प्रयोगशाळेत जाण्याआधी घरातच शोधू. रॉकेलचा पत्र्याचा डबा आठवा. तो लोखंडाचा असून त्यावर कथील चढवलेले असते. डब्यावर खिळ्याने एक ओरखडा उठला की नेमका तिथेच गंज धरतो आणि पाहता पाहता भोक पडते. जस्ती बादलीचे तसे नाही. तिच्यावर ओरखडा उठला तरी आतले लोखंड बराच काळ शाबूत राहते. याचे कारण असे की खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांची एक बारीकशी विजेची बॅटरी तयार होते, आणि त्यांतला दुबळा धातू विरघळू लागतो. लोखंड आणि जस्त यांत जस्त दुबळे, ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. लोखंड आणि कथील यांत मात्र लोखंड दुबळे ठरते. निकलचेही कथलासारखेच. मुलामा अखंड आहे तोवर ठीक. स्क्रू पिळताना एक ओरखडा उठला की तोच मुलामा आतल्या पोलादाचा वैरी होतो.

गुरुजींनी हे मुलांना दाखवावे, खर्च काहीच नाही. काचेची तीन भांडी घ्या, त्यांत मिठाचे पाणी घाला आणि तिन्हींत एकेक लोखंडी खिळा सोडा. पहिला मोकळा, दुसऱ्याला उघडी तांब्याची तार गुंडाळलेली, तिसऱ्याला जस्ताची पट्टी गुंडाळलेली. थोड्याच दिवसांत तांब्याच्या संगतीतला खिळा सर्वांत जास्त गंजलेला दिसेल, आणि जस्ताच्या संगतीतला जवळजवळ स्वच्छ. संगतीचा गुण म्हणतात तो हाच!

शस्त्रवैद्यांना ही गोष्ट पटायला १९३७ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या व्हेनेबल आणि स्टक या दोघांनी, बीच या सहकाऱ्यासह, कुत्र्यांच्या हाडांत निरनिराळ्या धातूंचे स्क्रू बसवून काय होते ते क्ष-किरणांनी पाहिले. दोन वेगवेगळे धातू जवळजवळ बसवले की आजूबाजूचे हाड विरघळून स्क्रू सैल होत. तोवर सैल झालेल्या स्क्रूचे खापर बहुधा जंतूंवर किंवा शस्त्रवैद्याच्या हातावर फुटत असे. खरा दोष धातूंच्या संगतीचा होता. कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा 'व्हायटॅलियम' नावाचा मिश्रधातू तेवढा या परीक्षेत शांत राहिला. त्याआधी १९२४ साली झीरॉल्ड यांनीही कुत्र्यांवर प्रयोग करून असे पाहिले होते, की लोखंड विरघळते, तांबे, जस्त आणि निकल यांनी भोवतालचे मांस रंगते, आणि कोबाल्ट-क्रोमियम जातीचा धातू बरा सोसतो. म्हणजे हान्समानच्या पट्टीवरचा पडदासुद्धा निर्दोष नव्हता.

व्हायटॅलियम शांत का राहिला? त्याच्यावर कोणी कल्हई चढवली नव्हती, तरी त्याच्या अंगावर पांघरूण होते. क्रोमियमचा हवेशी संबंध आला की त्याच्यावर क्रोमियम आणि प्राणवायू यांचा एक अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा आपोआप बसतो. १९१३ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी जे न गंजणारे पोलाद केले, आणि ज्याची ताटे-वाट्या आज आपल्या घरोघर आहेत, त्याचेही मर्म हेच. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, तो सुटून पडतो आणि खालचे लोखंड उघडे पाडतो. क्रोमियमचा गंज म्हणा हवा तर, पण तो असा चिवट, की खालच्या धातूला पुढे गंजूच देत नाही. आणि ओरखडा उठला तर क्षणात पुन्हा भरून येतो.

इथे माझ्या मते या सबंध इतिहासाला वळण लागते. वरून चढवलेली कल्हई एक, आणि धातूच्या अंगातूनच उगवलेली कल्हई दुसरी. पहिली खरवडली की गेली. दुसरी आपल्या कातडीसारखी, पुन्हा येणारी.

या दुसऱ्या जातीचा राजा म्हणजे टिटॅनियम. त्याच्यावरचा पापुद्रा केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्याची ओळख झाली ती मात्र अगदी अवचित. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे तरुण संशोधक १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसे खेळते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टिटॅनियमची एक लहानशी नळी, आत भिंग बसवलेली, हाडात रोवली होती. काम संपल्यावर ती महागाची नळी काढून दुसऱ्या सशासाठी वापरावी, असा साधा हिशेब. पण नळी निघेना! हाड तिला असे भिडले होते की जणू तिच्यातूनच वाढले आहे.

दुसरा कोणी असता तर वैतागला असता आणि नळी फोडून मोकळा झाला असता. ब्रोनेमार्क यांनी त्या वैतागाचाच विषय केला. पुढे योटेबॉर्य येथे वर्षानुवर्षे प्राण्यांवर प्रयोग केल्यावर १९६५ साली त्यांनी जबड्यात व्यंग असलेल्या, दात नसलेल्या एका माणसाच्या हाडात टिटॅनियमच्या खुंट्या बसवल्या आणि त्यांवर दात लावले. त्या खुंट्यांनी चाळीस वर्षांवर त्याची साथ केली. तरीही स्वीडनमधील दंतवैद्यांनी सुरुवातीला त्यांची हेटाळणीच केली. हाड धातूला असे भिडते हे पुस्तकात नव्हते ना! १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेत त्यांचे पुरावे मांडले गेले, तेव्हा कुठे जगाने ते काम मान्य केले. सशाची नळी अडकली त्याला तोवर तीस वर्षे झाली होती.

आता खुब्याकडे वळू, कारण घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांचा खरा प्रश्न तोच. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे जॉन चार्न्ली यांनी खुबा बदलण्याची आजची रीत घालून दिली. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, वरच्या बाजूला वाटी, आणि दोन्ही पक्के करायला अॅक्रिलिकचे सिमेंट. १९५८च्या सुमारास त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन घेतले. सुमारे तीनशे रोग्यांना तसे खुबे बसवून झाले, आणि थोड्याच वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याच्या पिठाने भोवतालचे हाड पोखरले गेल्याचे दिसू लागले. बहुतेक खुबे पुन्हा उघडावे लागले. चार्न्ली यांनी ते पीठ स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्याचा परिणाम पाहिला, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९६२ साली त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी घेतली, आणि ती टिकली.

तरी काही वर्षांनी काही दांडे सैल होत, विशेषतः तरुण आणि कष्टाळू माणसांचे. याचा दोष सिमेंटवर आला. 'सिमेंटचा रोग' असे त्याला नावही पडले. पुढे तपासात दिसले, की हाड पोखरणारे पीठ बरेचसे वाटीच्या झिजेचे होते. पण एकदा खापर फुटले ते फुटले. सिमेंटच नको, हाडानेच धातूला धरावे, असा ध्यास लागला, आणि ब्रोनेमार्क यांच्या सशाने ते शक्य असल्याचे दाखवलेच होते. सत्तरीच्या दशकात धातूच्या दांड्यावर बारीक मणी किंवा तारांची जाळी भाजून चिकटवू लागले. मधल्या फटींत हाड शिरावे, रानातल्या मुळ्या दगडांच्या सांध्यात शिरतात तसे. अट एकच. पहिले काही आठवडे दांडा हलता कामा नये. तो दीडशे मायक्रॉनहून, म्हणजे दोनतीन केसांच्या जाडीहून अधिक हलत राहिला, तर फटींत हाडाऐवजी नुसता चिवट पडदा तयार होतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

हाडाने लवकर धरावे म्हणून मग धातूवर हाडाचीच कल्हई करायची कल्पना निघाली. आपले हाड वाळवले तर त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या खनिजाचा असतो. त्या जातीच्या खनिजाला हायड्रॉक्सीअपेटाइट म्हणतात. नाव अवघड आहे, आपण त्याला हाडचुना म्हणू. हाडचुन्याचा थर दिलेला खुबा १९८५ साली लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी बसवला, आणि पुढच्याच वर्षी हॉलंडमध्ये खीसिंक यांनी.

हा थर चढवतात कसा, ते ऐकण्यासारखे आहे. आर्गॉन वायूतून विजेची ठिणगी नेली की दहा हजार अंशांच्याही वर तापलेला झोत तयार होतो. त्या झोतात हाडचुन्याची पूड सोडतात. कण क्षणार्धात वितळतो, धातूवर आपटतो आणि धिरड्यासारखा पसरून गोठतो. असे लक्षावधी बारीक धिरड्यांचे थर. पण त्याआधी धातूला खडबडीत करावे लागते. पाथरवट पाट्याला टाकी लावतो ना, तसे कठीण वाळूच्या माऱ्याने धातूला टाकी लावतात. कारण हा चुना धातूशी रसायनाने फारसा जुळत नाही, तो खडबडीत जागी अडकून बसतो. कल्हईवाल्याचा नवसागर आणि ही वाळू, दोघांचे काम एकच: जागा तयार करणे. वरचा थर निम्मा त्या तयारीवर टिकतो.

आणि इथेच पुन्हा ठेच लागली. मातीच्या भिंतीवर सारवणाचा थर जाड झाला की तो वाळताना तडकतो आणि त्याचे पोपडे पडतात. हाडचुना निवताना टिटॅनियमपेक्षा जास्त आकसतो, म्हणून थर जाड असला की आतल्या आत ताण पडून तोही सुटू पाहतो. शिवाय फार घाईने गोठलेले कण काचेसारखे राहतात, आणि ते अंगात लवकर विरघळतात. वाट्यांवरचा थर काही रोग्यांत सुटला आणि त्याचे कण सांध्यात सापडले. मग थर पन्नास मायक्रॉनच्या आसपास पातळ करणे, तो नीट स्फटिकरूप राहील असे पाहणे, आणि खाली सच्छिद्र टिटॅनियम देणे, म्हणजे चुना गेला तरी हाड धातूला धरून राहील, अशा सुधारणा झाल्या.

एवढे करून फायदा किती? स्वीडनमध्ये १९७९ सालापासून बदललेल्या खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणाला कोणता खुबा बसला, आणि तो पुन्हा कधी काढावा लागला, हे तीत लिहिलेले असते. २०१० साली त्या नोंदींतून असे निघाले, की हाडचुना दिलेल्या वाट्या पुन्हा बदलण्याची वेळ बिनचुन्याच्या वाट्यांपेक्षा जास्त वेळा आली. मांडीतल्या दांड्यांच्या बाबतीत दुसऱ्या वर्षी निघालेला निष्कर्ष असा, की चुना असला काय आणि नसला काय, फरक दिसत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत हाड लवकर धरते हे खरे होते. पंधरा वर्षांचा प्रश्न मात्र वेगळा होता. पंचवीस वर्षांच्या एका देखण्या कल्पनेचा हिशेब कारकुनी नोंदवहीने केला!

जपानमध्ये क्योतो विद्यापीठातल्या कोकुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलेली वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. त्यांनी टिटॅनियम कॉस्टिक सोड्याच्या कडक द्रावणात, ६० अंशांवर, दिवसभर ठेवले आणि मग ६०० अंशांवर तापवले. हाच तो साबण करायचा सोडा. एवढ्याने धातूच्या कातडीत असा बदल होतो, की अंगातल्या रसातला कॅल्शियम आणि फॉस्फरस तिच्यावर आपोआप जमून हाडचुन्याचा थर बनतो. बाहेरून चिकटवलेले काहीच नाही, मग पोपडे कशाचे पडणार? असे खुबे २००७ सालापासून जपानमध्ये माणसांना बसवले जात आहेत.

चांदीच्या कल्हईबद्दल थोडेसेच सांगतो. धातू अंगात गेला की आपल्या पेशी आणि जंतू यांची त्याच्यावर आधी कोण बसतो अशी शर्यत लागते, असे अमेरिकेतल्या ग्रिस्टिना यांनी १९८७ साली लिहिले. जंतू आधी बसले तर ते स्वतःवर बुळबुळीत पांघरूण घेतात, आणि मग औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. चांदी जंतूंना मारते, म्हणून हाडाच्या कर्करोगानंतर बसवायच्या मोठ्या सांध्यांवर तिचा मुलामा देतात, आणि तिथे तिचा उपयोगही दिसला आहे. मात्र चांदी फार झाली तर आपल्या पेशींनाही सोडत नाही.

शेवटी सोनेरी गुडघ्याविषयी, कारण त्याच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. हा गुडघा सोन्याचा नसतो. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्यावर टिटॅनियम आणि नायट्रोजन यांच्या संयुगाचा काही मायक्रॉन जाडीचा कठीण थर दिलेला असतो. त्याचा रंग सोनेरी, एवढेच. निकलसारख्या धातूची ज्याला खरोखर बाधा होते, अशा माणसासाठी त्याचा विचार करायला जागा आहे. इतरांना तो साध्या गुडघ्यापेक्षा जास्त वर्षे टिकतो, असे आजवरच्या तुलनांत स्पष्ट दिसलेले नाही. दुसरा एक काळा गुडघा मिळतो. झिर्कोनियमचा मिश्रधातू हवेत तापवून त्याचीच कातडी चिनीमातीसारखी कठीण केलेली असते. म्हणजे ही पुन्हा अंगातून उगवलेली कल्हई. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि टिटॅनियम किंवा अशा झिर्कोनियमच्या गुडघ्याला ७६,६०० रुपये, कर वेगळा, असे आकडे जाहीर झाले होते. बावीस हजारांचा फरक म्हणजे पुष्कळांच्या घरी एका म्हशीच्या किमतीचा मोठा हिस्सा. तेव्हा घरातल्या म्हातारीचा गुडघा ठरवताना डॉक्टरांना खुशाल विचारा: हा थर कशासाठी, आणि तो बसवलेली माणसे दहा वर्षांनी कशी आहेत?

आपल्याकडेही सांधेतज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तीत नाव घालणे डॉक्टरांच्या मर्जीवर असते. म्हणून एक काम आपणच करायचे. बसवलेल्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छापील चिकटपट्ट्या असतात, त्यांवर कंपनीचे नाव, भागाचा प्रकार आणि क्रमांक असतो. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर त्या लावून मागा, आणि तो कागद सात-बाराच्या उताऱ्याजवळ ठेवा. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावच्या दुसऱ्या डॉक्टरला तो गुडघा उघडावा लागला, तर आत कोणता धातू आहे आणि त्यावर कसली कल्हई आहे, हे त्याला त्या कागदावरूनच कळेल.